देणगी मागू नका, बिल वाटून द्या: नोंदणी नसलेल्या पोरांच्या संघासाठी पैसे उभे करताना

गोव्यातलं डिचोली घ्या, सत्तरी घ्या, पेडणे घ्या. शाळा सुटल्यावर मैदानावर जमणाऱ्या पोरांचा फुटबॉल संघ बहुतेक वेळा कागदावर नसतोच. एक प्रशिक्षक, दोन-तीन हौशी पालक, चेंडूंची जाळी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा ग्रुप, एवढीच त्याची घटना. संध्याकाळच्या सरावाला तेवढं पुरतं. कोल्हापूर-बेळगावच्या स्पर्धेचं बोलावणं आलं आणि बस, मुक्काम, जेवण, जर्सी असा हिशेब मांडायला घेतला की मग अडायला लागतं.

तेव्हा पहिलं पाऊल म्हणून बहुतेक जण पावती पुस्तक छापून आणतात. तेच मुळात चुकतं. ज्या संघाला नोंदणी नाही, पॅन नाही, त्याने ‘देणगी’ हा शब्द जितका कमी वापरावा तितका बरा. खर्चाचे तुकडे पाडा आणि एकेक तुकडा एकेकाला उचलायला सांगा. पैसा शक्यतो संघाच्या हातातून जायलाच नको.

कुठली दारं बंद आहेत

करसवलत मिळणार नाही, हे आधी स्वतःला आणि मग समोरच्याला स्पष्ट सांगावं. लोक ज्याला ८०जी म्हणतात ती सवलत आयकर खात्याची मान्यता असलेल्या संस्थेलाच देता येते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलतात, पण मान्यतेची अट तीच राहते. पावतीवर चुकूनही ‘करमुक्त’ छापू नका. उलट एक ओळ ठळक छापा: ‘हा संघ नोंदणीकृत नाही, या रकमेवर करसवलत मिळणार नाही.’ ही ओळ वाचून दोन-चार जण मागे फिरतील. मार्चमध्ये प्रमाणपत्रासाठी फोन करणारे नेमके तेच असतात.

दुसरं दार सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाचं. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ७ मध्ये ग्रामीण खेळ आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण आहे, हे ऐकून पालक उत्साहाने वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पत्रं घेऊन जातात. पण बाहेरच्या कुणामार्फत काम करायचं तर सीएसआरचा पैसा नोंदणीकृत सोसायटी, सार्वजनिक न्यास किंवा कलम ८ ची कंपनी यांच्याकडेच जातो. त्यांच्याकडे आयकराच्या दोन्ही मान्यता (संस्थेच्या स्वतःच्या करसवलतीची आणि देणगीदाराच्या ८०जीची) आणि सीएसआरच्या कामासाठीची सीएसआर-१ नोंदणी लागते, शिवाय साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा दाखला. म्हणून कंपनीत गेलात तर सीएसआरवाल्याकडे वेळ घालवू नका, मार्केटिंगवाल्याला भेटा. जाहिरातीच्या खर्चाला यातलं काही लागत नाही. मात्र रक्कम संघाकडे येणार असेल तर टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कर कापण्याचा प्रश्न निघेल, आणि घेणाऱ्याचा पॅन नसेल तर कपात २० टक्क्यांची होते. बिल कंपनीने परस्पर भरलं की ही कटकटच उरत नाही.

तिसरं दार खास आपल्याकडचं आहे. गावातला कुणीतरी आखातात असतो, कुणी बोटीवर, कुणी इंग्लंडात स्विंडनला. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशातल्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ती विदेशी देणगी ठरत नाही. त्याच माणसाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की तो कायद्याच्या भाषेत विदेशी स्रोत झाला. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं) असो, गावात घर असो, चवथीला (गणेश चतुर्थीला) दरवर्षी येत असो, फरक पडत नाही. विदेशी देणगी नियमन कायदा, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना संघाने त्याच्याकडून रक्कम घेऊ नये, ₹५,००० सुद्धा नाही. तोच माणूस सुट्टीत येताना एखाद्या पोराला स्वतःला वापरायला बुटांची जोडी भेट देतो, तेव्हा मात्र अडचण नाही. व्यक्तिगत वापरासाठी भेट दिलेली वस्तू ₹१ लाखापर्यंत या व्याख्येबाहेर आहे. परदेशातल्या काकाला ‘पैसे नको, अमुक मापाचे बूट आण’ म्हणून सांगा. त्यालाही ते सोपं वाटतं.

आणि लकी ड्रॉ. गावोगाव कुपनं खपतात, फेस्ताला आणि जत्रेला तर हमखास. पण सरकारी परवानगीशिवाय सोडत काढणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये बसतं आणि त्याला सहा महिन्यांपर्यंतची शिक्षा आहे. कुणी तक्रार करत नाही म्हणून चालतं, एवढंच. पैसे घेऊन तिकीट आणि पैशांचं बक्षीस अशी हाउजी (तंबोला) ठेवलीत तर प्रश्न जुगारबंदी कायद्याचा येतो. मोठ्यांच्या मंडळाने हा धोका पत्करायचा की नाही ते त्यांनी बघावं. तेरा वर्षांच्या पोरांच्या हातात कुपनांची पुस्तकं देऊन दारोदार पाठवणं मात्र कुठल्याही हिशेबाने बरं नाही.

पैसे ठेवायचे कुठे

संघाच्या नावाने खातं उघडता येतं का? रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत अनोंदणीकृत मंडळींच्या खात्याची सोय आहे. व्यवस्थापकीय मंडळाचा ठराव, व्यवहार करणाऱ्याला दिलेलं अधिकारपत्र, मंडळाचा पॅन किंवा पॅन नसल्याचा आयकराचा घोषणा-अर्ज, आणि मंडळ खरोखर अस्तित्वात असल्याचा काही पुरावा लागतो. प्रत्यक्षात शाखेत ‘सोसायटीचं सर्टिफिकेट आणा’ असंच ऐकायला मिळतं. दिलंच तर चालू खातं देतात, आणि त्याची किमान शिल्लक पाहिली की पोरांच्या संघाला ते परवडत नाही.

म्हणून बहुतेक संघ दोन व्यक्तींचं संयुक्त बचत खातं काढतात. इथे एक बारकावा आहे. ‘दोघांच्या सहीने’ अशी पद्धत ठेवली तर त्या खात्याला यूपीआय चालत नाही. ‘दोघांपैकी कुणीही’ ठेवलं तर यूपीआय चालतं, पण एकाला परस्पर पैसे काढता येतात. आजच्या दिवसात यूपीआयशिवाय वसुली होणं कठीण, त्यामुळे दुसरी पद्धत घ्या आणि तिची भरपाई उघड हिशेबाने करा. दर रविवारी खात्याच्या उताऱ्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर, त्याखाली त्या आठवड्याची बिलं. खातेदार दोन वेगळ्या घरांतले असावेत. नवरा-बायको नकोत आणि प्रशिक्षक तर नकोच. खेळाडू निवडणाऱ्याच्या हातात पैसा आला की पहिल्याच सामन्यात बाकावर बसलेल्या पोराच्या घरी चर्चा सुरू होते.

कुणाच्या पगाराच्या खात्यावर क्यूआर लावू नका. कारण कुरकुरीचं नाही, तांत्रिक आहे. अनोळखी माणसांकडून बारीकसारीक रकमा येत असतात. त्यातली एक जरी सायबर फसवणुकीच्या तक्रारीत अडकलेल्या खात्यातून आली, तरी पोलिसांच्या सूचनेवरून बँक खातं गोठवते, आणि त्या माणसाचा घरखर्च थांबतो.

कराचंही एक गणित आहे. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात बिनमोबदला मिळालेली रक्कम ₹५०,००० च्या वर गेली, की वरचीच नव्हे तर सगळी रक्कम त्या माणसाचं उत्पन्न धरली जाऊ शकते. पैसे खातेदाराचे नाहीत, संघाच्या वतीने ठेवलेले आहेत, हे दाखवायला कागद लागतो. पहिल्याच बैठकीत साध्या वहीत ठराव लिहा: कोणत्या कारणासाठी, किती रक्कम, कुणाच्या खात्यात, कोण खर्च करणार, उरली तर काय करणार. हजर असलेल्या सगळ्या पालकांच्या सह्या घ्या. वही ₹४० ची, पण चौकशी झाली तर तीच पुढे ठेवायची असते.

बिल परस्पर भरण्याचा आग्रह यासाठीच. जितकी रक्कम खात्यात आलीच नाही, तितका हा सगळा व्याप कमी.

तुकडे कसे पाडायचे

उदाहरण घेऊ. चौदा वर्षांखालचे १८ खेळाडू, ३ मोठी माणसं, शुक्रवारी निघून रविवारी परत, दोन मुक्काम. बस ₹२२,०००. मुक्काम माणशी रात्रीला ₹३०० धरला तर ₹१२,६००. खाणं दिवसाला ₹३५० म्हणजे नाश्ता ५०, दोन जेवणं १५० ची, तीन दिवसांचे ₹२२,०५०. प्रवेश शुल्क ₹३,०००. जर्सी, चड्डी, मोजे असा संच ₹६५० प्रमाणे १८ पोरांचे ₹११,७००. प्रथमोपचाराची पेटी ₹१,५००. झाले ₹७२,८५०. त्यावर दहा टक्के राखीव, म्हणजे एकूण ₹८०,१३५. तुमचे दर वेगळे असतील, रचना हीच ठेवा. राखीव दहा टक्के काढून टाकायचा मोह प्रत्येक बैठकीत कुणाला तरी होतो. बस घाटात पंक्चर झाली किंवा संघ उपांत्य फेरीत जाऊन एक मुक्काम वाढला की तेच पैसे लागतात.

पालकांचा वाटा आधी ठरवा. पोरामागे ₹१,५०० ठेवले आणि तीन घरांना ते जड जाणार हे गृहीत धरलं, तर १५ घरांचे ₹२२,५०० होतात. ती तीन घरं कोणती हे खातेदार दोघांनाच माहीत असावं. ग्रुपवर ‘भरले-नाही भरले’ अशी यादी टाकणारे महाभाग असतात, त्यांना पहिल्या दिवशीच आवरा.

उरले ₹५७,६३५. आता दुकानांकडे जायचं, पण हातात यादी घेऊन. ‘जमेल तेवढं द्या’ म्हटलं की गल्ल्यातून दोनशेची नोट निघते आणि त्या दुकानाचं वर्षाचं देणं फिटतं. तोच माणूस ‘शनिवारचं रात्रीचं जेवण, २१ जणांचं, ₹३,१५०, थेट खानावळवाल्याला पाठवा’ असं म्हटल्यावर विचार करतो, आणि बऱ्याचदा हो म्हणतो. नेमकी वस्तू, नेमका आकडा, आणि पैसा मधे कुणाच्या खिशात थांबणार नाही, या तीन गोष्टी त्याला दिसलेल्या असतात. औषधांच्या दुकानाला पेटी भरून द्यायला सांगा: बर्फाचा स्प्रे, क्रेप बँडेज, कापूस, अँटिसेप्टिक, ओआरएस. हार्डवेअरवाल्याकडे चुना आणि दोरी मागा. ज्याच्याकडे जे आहे ते त्याला घाऊक भावात पडतं, त्यामुळे तुमचा ₹१,५०० चा खर्च त्याला त्याहून कमीत जातो.

वेळ महत्त्वाची. चवथीच्या आधीचा महिना टाळा, तेव्हा प्रत्येक दुकानात सार्वजनिक गणेशोत्सवाच्या पावत्या येऊन पडलेल्या असतात. डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा धंद्याचा. दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे आणि जानेवारी-फेब्रुवारी त्यातल्या त्यात बरे. मालक दुकानात असतो तेव्हाच जा. गल्ल्यावरच्या पोराकडे पत्र ठेवलं तर ते तिथेच राहतं.

डिचोली-सांगे पट्ट्यातल्या जुन्या मंडळींना वाटतं की एखाद्या मोठ्या कंपनीला पत्र दिलं की काम होतं. खाणी चालू होत्या तेव्हाची ती सवय. २०१२ मध्ये खाणकाम थांबलं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लीजं रद्द केली, आणि गावच्या खेळाला मिळणारा तो आधार आटला. आता वीस छोटे आश्रयदाते जोडावे लागतात. त्याला चपला झिजतात हे खरं, पण एक गेला तर संघ बुडत नाही.

जर्सी

यावर थोडं जास्त लिहितो, कारण घोळ इथेच होतात.

बिल प्रायोजकाच्या नावाने बनवायला सांगा, त्याचा जीएसटी क्रमांक घालून. मग तो खर्च तो जाहिरातीत दाखवू शकतो, पुढचं त्याचा सीए बघेल. बोधचिन्ह व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं घेऊ नका. ते छातीवर २५ सेंटीमीटर रुंद छापलं की कडा फाटलेल्या दिसतात, आणि प्रायोजक नाराज झाला की पुढच्या वर्षी येत नाही. कोरलड्रॉची किंवा पीडीएफची मूळ फाइल मागा. ज्याने दुकानाची पाटी बनवली त्याच्याकडे ती हमखास असते.

मापं पोरांना विचारून घेऊ नका. तेरा वर्षांचा प्रत्येक पोरगा ‘लार्ज’ सांगतो. शिंप्याची टेप घ्या, छाती मोजा, त्यात चार इंच सैल धरा. अठरा जर्सींबरोबर क्रमांक न छापलेल्या दोन जादा शिवून घ्या. फाटली, हरवली, ऐनवेळी नवा पोरगा आला, तर लागतात. सब्लिमेशन छपाईला शर्टावर वेगळं काही चिकटवलेलं नसतं, त्यामुळे धुवून निघत नाही. स्वस्तात मिळणारं रबरी चिकटवण गरम पाण्यात आणि इस्त्रीखाली सुटतं. छपाईआधी एक नमुना हातात घेऊन प्रायोजकाला दाखवा आणि नावाचं शुद्धलेखन त्याच्याकडून लेखी पक्कं करून घ्या.

छातीवर एक, पाठीवर क्रमांकाखाली एक, बाहीवर एक. तीनच. सात दुकानांची नावं घातली तर एकही वाचता येत नाही आणि सातही जण तुमच्यावर चिडतात.

कुणाचं नाव घ्यायचं नाही हेही आधी ठरलेलं असावं. गोव्यात बार आणि कॅसिनो पैसे द्यायला तयार असतात. सोड्याच्या नावाने दारूचा ब्रँड येतो. पोरांच्या छातीवर यातलं काहीच नको. पैशांवर खेळायच्या ऑनलाइन गेमची जाहिरात तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदच आहे. राजकारण्यांचं वेगळं. निवडणुका जवळ आल्या की जर्सी मागाव्याही लागत नाहीत, आपोआप येतात, पाठीवर हसरा चेहरा घेऊन. वर्षभराने तो चेहरा पक्ष बदलतो आणि शेजारच्या वाड्यावरची पोरं ती जर्सी घालायला नकार देतात. कुणा नेत्याला मदत करायचीच असेल तर बिननावाचे चेंडू द्यावेत, आणि आचारसंहिता लागली असेल तर तेही नको.

स्पर्धा भरवून पैसे मिळतात का

मिळतात, पण लोक समजतात तिथून नाही. सेव्हन-अ-साइड (सात-सात खेळाडूंची), १६ संघ, प्रवेश ₹२,०००, म्हणजे जमा ₹३२,०००. आता खर्च. बक्षिसं ₹८,००० आणि ₹४,०००. तीन पंच ₹१,५०० प्रमाणे ₹४,५००. ध्वनिक्षेपक ₹३,०००, मैदान आखणी-सफाई ₹१,०००, पाणी ₹१,५००, चषक ₹२,५००, दोन चेंडू ₹२,४००. एकूण ₹२६,९००. हाती राहिले ₹५,१००. आणि संघ १२ च आले तर ₹२,९०० पदरचे. तरी फलकावर ₹८,००० आधीच छापून झालेले असतात. म्हणून फलकावर ‘१६ संघ आल्यास’ हे शब्द हवेत, आणि प्रवेश शुल्क स्पर्धेच्या चार दिवस आधी पूर्ण घ्यावं. ‘मैदानावर देतो’ म्हणणाऱ्यांपैकी हरलेले संघ मोटरसायकलींवर बसून कधी गेले ते कळतही नाही.

बक्षिसं आणि चषक दोन प्रायोजकांनी परस्पर उचलले की तेच ₹५,१०० चे ₹१९,६०० होतात. मैदानाच्या कडेला आठ बॅनर ₹१,५०० प्रमाणे दिले, सहा बाय तीन फुटांच्या एका बॅनरची छपाई चौरस फुटाला ₹१२ दराने ₹२१६, तर आणखी सुमारे ₹१०,२७०. हे बॅनर मैदानाच्या आतच लावायचे. रस्त्यावर, विजेच्या खांबावर लावले तर मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९८८ चा कायदा आहे, आणि पंचायतीत नाराज माणूस एक तरी असतोच.

बाद पद्धतीत १६ संघांचे १५ सामने. दहा-दहा मिनिटांचे दोन डाव, मधली विश्रांती आणि संघ बदलायचा वेळ धरून सामन्याला २७ मिनिटं, म्हणजे पावणेसात तास. साडेआठला सुरू केलं तर जेवणाची सुट्टी धरून चार-साडेचारला अंतिम सामना उरकतो. पहिला सामना दहाला सुरू झाला की अंतिम सामना काळोखात अडकतो आणि दिव्यांचा खर्च अंगावर येतो. पूर्ण मैदान असेल तर आडवी दोन मैदानं आखा, वेळ निम्मा होतो.

परवानगी जागेच्या मालकाप्रमाणे बदलते. कोमुनिदादची (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) जमीन असेल तर कोमुनिदादचा ना हरकत दाखला, पंचायतीची असेल तर पंचायतीचा, शाळेची असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र. पंचायतीच्या बैठका पंधरवड्याने होतात, तेव्हा पत्र दोन बैठका आधी द्या. एक हुकली तरी दुसरी मिळते. पत्रात तारीख, वेळ, माणसांचा अंदाज, ध्वनिक्षेपक, आणि संध्याकाळी सफाई कोण करणार हे लिहा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. ध्वनिक्षेपकाची परवानगी दिवसालाही लागते. रात्री १० ते सकाळी ६ तर उघड्यावर तो बंदच. १०८ ला आणि जवळच्या आरोग्य केंद्राला तारीख आधी कळवून ठेवा.

खाण्याचा स्टॉल

पातळ भाजी-पावाचं गणित बघा, १०० प्लेटींचं. सुके वाटाणे ४ किलो, आदल्या रात्री भिजवलेले. पाव २१०, ₹५ प्रमाणे ₹१,०५०. वाटाणे ₹३२०, आठ नारळ ₹३६०, कांदे-बटाटे ₹२८०, तेल दीड लिटर ₹२३०, मसाला-चिंच ₹२००, गॅस ₹३००, प्लेटी ₹२००. एकूण ₹२,९४०. प्लेट ₹४० ला विकली तर सगळ्या खपून नफा ₹१,०६०. पंधरा प्लेटी उरल्या की ₹४६०. यासाठी पाच माणसं पहाटे चारपासून उभी राहतात.

नारळ घरोघरच्या माडांवरून आले, कांदे-बटाटे आणि तेल वाण्याने दिलं, मसाला आयांनी वाटला, गॅस कुणाच्या तरी घरचा, वाटाणे आणि प्लेटी दुसऱ्या दुकानातून, आणि विकत फक्त पाव आणले, तर तोच नफा ₹२,९५० होतो. पोदेराला (पाववाल्याला) आदल्या संध्याकाळी सांगावं लागतं, कारण पीठ रात्रीच मळलं जातं. उरलेले पाव तो परत घेत नाही. म्हणून थोडे कमीच सांगा आणि शेवटच्या दहा प्लेटींना घरचे पोळे किंवा बाजारचा स्लाइस ब्रेड चालवा.

जत्रेत किंवा बाजारात स्टॉल लावायचा तर सोपो, म्हणजे जागेचा कर भरावा लागतो. जागेचा लिलाव होत असेल तर तिथे पोरांच्या संघाने पडू नये, स्वतःच्या स्पर्धेच्या मैदानावरच विकावं. खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) साधी नोंदणी लागते. आयांपैकी कुणाचा घरगुती खाण्याचा नोंदणीकृत व्यवसाय असेल तर स्टॉल तिच्या नावाने लावा.

देवस्थानाकडे रोख मागायला जाऊ नका. गोव्यातल्या महाजनी देवस्थानांचा कारभार अजून १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीखाली चालतो आणि त्यावर मामलेदाराची देखरेख असते. समितीची कितीही इच्छा असली तरी फंडातले पैसे फुटबॉलला देणं त्यांना अडचणीचं. मोठी पातेली, खुर्च्या, सभामंडप मात्र आनंदाने मिळतो, आणि भाड्याचे तेवढेच पैसे वाचतात.

रद्दीला कमी लेखू नका. साठ घरांतून सरासरी आठ किलो निघाली तर ४८० किलो. किलोला ₹१२ धरले तर ₹५,७६०, खर्च फक्त एका टेम्पोच्या फेरीचा. भंगारवाल्याशी भाव आधी ठरवा आणि काटा आपला न्या. बाटल्या गोळा करायच्या तर मोठ्यांनी करा. फुटक्या काचेने पोराचा तळपाय कापला तर स्पर्धा राहिली बाजूला.

आता बेरीज. दुकानांनी परस्पर उचललेली जर्सी ₹११,७००, एका दिवसाचं खाणं ₹७,३५०, औषधं ₹१,५००. ₹५७,६३५ मधून हे गेल्यावर राहिले ₹३७,०८५. स्पर्धेचे ₹२९,८७०, स्टॉलचे ₹२,९५०, रद्दीचे ₹५,७६० मिळून ₹३८,५८०. म्हणजे कुठल्याही एका मोठ्या देणगीदाराशिवाय भागतं, आणि खात्यातून फिरलेली रक्कम सगळ्या खर्चाच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास राहते. खानावळवाला आणि बसवाला यांचेही तुकडे परस्पर भरणारे मिळाले तर ती आणखी खाली येते.

हे दरवर्षी करायचं असेल तर मात्र नोंदणीचं बघा. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि सात पालक तर तुमच्याकडे आहेतच. नंतर दरवर्षी यादी, हिशेब, सभेचं इतिवृत्त द्यावं लागतं. ते लिहिणारा माणूस आधी शोधा, मग अर्ज करा. तोवर मधला मार्ग म्हणजे गावातला नोंदणीकृत क्रीडा क्लब किंवा शाळेची संस्था. ८०जीचा आग्रह धरणाऱ्या देणगीदाराचा धनादेश त्या संस्थेच्या नावाने जाऊ द्या, संस्था तिच्या खात्यातून बसचं बिल भरेल. संस्थेची मान्यता चालू आहे ना ते आधी बघा आणि ‘ही रक्कम अमुक दौऱ्यासाठीच’ असं पत्र दोन्ही बाजूंनी सही करून ठेवा. नाहीतर रक्कम संस्थेच्या सामान्य निधीत जाते आणि तिथून ती काढता काढता पुढचा मोसम येतो. देणगी रोख असेल तर ₹२,००० च्या वर सवलत नाही, म्हणून चेक किंवा बँकेतूनच.

दौरा संपल्यावर पंधरा दिवसांत हिशेब बंद करा. प्रत्येक प्रायोजकाला दोन पानं द्या: एक जमाखर्च, एक फोटो. फोटोत पोरांची नावं आणि शाळा नकोत, आणि फोटो वापरायला पालकांची सही दौऱ्याला निघण्याआधीच घेतलेली असावी. शिल्लक राहिली तर पहिल्या बैठकीच्या ठरावात लिहिलंय तेच करायचं: पुढच्या मोसमाचे चेंडू, किंवा पालकांना सारख्या वाट्याने परत. मे महिन्यात चेंडू घेऊन ठेवत असाल तर हवा थोडी काढून कोरड्या जागी टांगा. पावसाळ्यात गोणीत बांधून ठेवलेल्या चेंडूंना बुरशी येते, शिवण सुटते, आणि सप्टेंबरात पुन्हा त्याच दुकानात जावं लागतं.